राहणाऱ्यांचा जाहीरनामा

नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला देवगडचा रस्ता फुटतो. कोकण रेल्वेचं नांदगाव रोड स्टेशनही इथलंच. जायला वाट नाही, अशी तक्रार आम्ही करूच शकत नाही. आमची तक्रार राहण्याबद्दल आहे.

२००१ साली सिंधुदुर्गात ८ लाख ६८ हजार ८२५ माणसं होती, २०११ साली ८ लाख ४९ हजार ६५१. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला. इथे साथ आली नव्हती की दुष्काळ पडला नव्हता. गिरण्या मुंबईत, गोदी मुंबईत, कचेऱ्या मुंबईत, आणि कोकणाने मनीऑर्डरवर जगायचं, हे कुणीतरी ठरवलं होतं. १९८२च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तरी माणसं मोठ्या संख्येने परतली नाहीत. परतून करायचं काय, याचं उत्तर कुठल्याच सरकारकडे नव्हतं. २०११च्या गणतीत दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका निघाल्या, तेव्हा जिल्ह्याचं कौतुक झालं. पण सहा वर्षांखालच्या मुलांत मुली कमीच होत्या. त्या १०३६मागे बाहेरगावी नोकरीला गेलेले पुरुष होते.

आता खरी गोम. धोरणाने माणसं नेली आणि माणसं कमी म्हणून धोरण उरलंसुरलंही नेतं. २००१च्या आकड्यांवर मतदारसंघ नव्याने आखले गेले. २००९च्या निवडणुकीत सिंधुदुर्गचे आमदार चाराचे तीन झाले, मुंबईचे चौतीसचे छत्तीस. राजापूर लोकसभा मतदारसंघ तर नकाशावरूनच गेला. वाडीतल्या शाळेचा पट वीसच्या खाली आला की शाळेवर टांगती तलवार. शाळा हलली की दोन मुलांची आई कणकवलीत भाड्याची खोली बघते, आणि पट आणखी घसरतो. दुखणं वाढलं की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळाकडे धावते. गोव्याचं सरकार आमचं नसूनही तिथे इलाज मिळतो, हे सांगताना आम्हाला लाज वाटते. मुंबईत वाटते की नाही, ठाऊक नाही.

आणि गंमत बघा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्या माणसाला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. माणसं घटणाऱ्या जिल्ह्यात हा नियम अजून जिवंत आहे! तिसरं मूल व्हावं असा आमचा आग्रह नाही. कुणाच्या घरात किती पाळणे हलावेत, हे सरकारनेही सांगू नये आणि आम्हीही सांगणार नाही. ही अपात्रता रद्द करा, एवढंच.

शाळा, उपकेंद्र आणि एसटी यांचा निकष पटावर न ठेवता अंतरावर ठेवा. सहा वर्षांच्या पोराने पावसाळ्यात वहाळ ओलांडून किती चालावं, हा प्रश्न आधी; पोरं किती, हा नंतर. मतदारसंघांच्या येत्या फेररचनेत डोक्यांबरोबर डोंगर आणि अंतरही मोजा.

मुंबयकार आमचो वैरी नाय. चवथीक तो येतलो, शिमग्याक येतलो, घर उघडतलो. पण १ मार्च २०२७ हा जनगणनेचा संदर्भदिन आहे, आणि शिमगा त्यानंतर आहे. त्याचं नाव इथे घुसवून आकडा फुगवायचा मोह काहींना होईल. आम्ही ते करणार नाही. खोट्या आकड्यावर मिळालेली शाळा रिकामीच राहते.

मात्र जे राहतात, ते सगळे मोजले जाऊ देत. हापूसच्या बागांत राखणीला असलेली नेपाळी कुटुंबं, चिऱ्याच्या खाणीवरचे कर्नाटकातले मजूर, त्यांची अंगणवाडीत येणारी पोरं. गावात राबणारा तो गावचा. हे ज्यांना पटत नाही, त्यांनी या चळवळीत येऊ नये.

पहिलं काम आमचंच. जनगणनेआधी दर वाडीत आम्ही घरोघर फिरू. किती घरांना कुलूप, किती घरांत एकटी म्हातारी, किती मुलं कुठल्या शाळेत, किती पडीक जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर, हे वहीत उतरवू. ती वही ग्रामसभेत मोठ्याने वाचू, ठराव करू आणि त्याची प्रत ओरोसला जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोच घेऊन देऊ.