विश्लेषण : सलग २७ पराभव, तरीही लाडका का?

न्यूयॉर्क मेट्सचा पिचर अँथनी यंग २०१७ मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी गेला, तेव्हा चाहत्यांना आठवले ते त्याचे १९९२-९३ मधले सलग २७ पराभव. पण त्यात हेटाळणी नव्हती, आणि ते योग्यच. बेसबॉलमध्ये संघाची हार एकाच पिचरच्या नावावर लागते; सहकाऱ्यांना धावा जमल्या नाहीत तरी! याच काळात यंगने शेवटी मैदानात येऊन १५ वेळा संघाची आघाडी राखली होती. ते कोण मोजतो? लोक मात्र त्याला शुभशकुनाच्या वस्तू पाठवत. अखेर २८ जुलै १९९३ रोजी तो जिंकला. त्या दिवशीही नवव्या डावात त्याच्याविरुद्ध धाव झाली होतीच. फक्त या वेळी मेट्सच्या फलंदाजांनी सामना फिरवला.