गल्ल्यावरची आयरिश

आयर्लंड प्रजासत्ताकाच्या २०२२च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले. म्हणजे दहा जणांत चार. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आतच निघाले. शाळेत वर्षानुवर्षे सक्तीने शिकवलेली भाषा फाटकाबाहेर पडताच गळून का पडते? आमच्या मते मोठे कारण हे की, ती बोलायचा प्रसंगच येत नाही. पाव घ्यायचा, केस कापायचे, टपाल टाकायचे, मित्राबरोबर कॉफी प्यायची, दिवसभराचा सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो.

गॉलवे शहराच्या पश्चिमेला कॉनेमाराचा आयरिशभाषक टापू आहे. तिथला माणूस शहरात खरेदीला आला की सहसा दारातूनच इंग्रजीवर येतो, कारण समोरच्याला आयरिश येते की नाही, हे त्याला कळायला मार्ग नसतो. ‘गालिव ले गेलगे’ ही संस्था १९८८पासून नेमकी याच जागी काम करते आहे. तिथला २००३चा राजभाषा कायदा सरकारी यंत्रणांना लागू आहे, खासगी दुकानदाराला नाही. त्यामुळे संस्थेच्या हाती उरते ती मनधरणी. दुकानाचा फलक, मेनूकार्ड, आतल्या पाट्या यांचा आयरिश मजकूर करायला ती व्यावसायिकांना मदत करते, मनापासून काम करणाऱ्यांचा पुरस्कार देऊन गौरव करते. आणि मुख्य म्हणजे, आयरिशमुळे शहराला वेगळी ओळख मिळते आणि त्यात धंद्याचाही फायदा आहे, हे ती व्यापाऱ्याला व्यापाऱ्याच्या हिशेबाने पटवते. आपण मराठीचे कार्यकर्ते बहुधा अस्मितेपासून बोलायला सुरुवात करतो. दुकानदार ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुन्हा कामाला लागतो. गॉलवेची रीत आपण शिकून घ्यायलाच हवी.

तरीही फलकाने अर्धेच काम होते. आयरिश बोलणारे लोक कोटावर ‘फान्या’ नावाची बारीक गोल पिन लावतात. माझ्याशी आयरिशमध्ये बोला, असा तिचा अर्थ. गल्ल्यावरच्या मुलीच्या सदऱ्यावर ती दिसली की गिऱ्हाईकाचा संकोच तिथेच गळतो. दारावरच्या दहा पाट्यांपेक्षा आम्हाला ही एक पिन मोलाची वाटते, कारण ती माणसाला माणसाशी बोलते करते.

महाराष्ट्राने दुकानांच्या पाट्यांसाठी कायद्याचा रस्ता धरला. २०२२च्या दुरुस्तीने छोटी दुकानेही त्याच्या कक्षेत आली आणि सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या लागल्या, लागायलाच हव्या होत्या. पण मुंबईच्या एखाद्या मॉलमध्ये आत जाऊन पाहा. मराठी गिऱ्हाईक मराठी विक्रेत्याशी हिंदीत बोलत असते, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

म्हणून पुढच्या वेळी बाजारात फेरी काढाल, तेव्हा पाटीची पाहणी झाल्यावर लगेच निघू नका. मालकाला विचारा, तुमच्याकडे मराठी बोलणारे किती जण आहेत? त्यांच्या छातीवर ‘मराठीत बोला’ असा बिल्ला लावायला तुमची हरकत आहे का? बिल्ले आपण छापून न्यावेत, खर्च आपण करावा. महिन्याभराने त्याच दुकानात पुन्हा जावे आणि बिल्ला लावलेल्या माणसाशी मराठीतच खरेदी करावी.