बुधवारी कोणता अंक घ्यायचा? अमेरिकेतल्या कॉमिक्स फॅनला हे महिनाभर आधी का ठरवावं लागतं?

अमेरिकेत बुधवार हा कॉमिक्सचा वार. मार्व्हल, डीसी, इमेज, डार्क हॉर्स, बहुतेक सगळ्यांचे नवे अंक त्याच दिवशी दुकानात लागतात. डीसीने २०२० मध्ये मंगळवार धरला होता, पण जुलै २०२४ पासून तेही बुधवारवर परत आले.

एका अंकाची किंमत साधारण ३.९९ किंवा ४.९९ डॉलर. १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा ज्या अंकात आला, तो १० सेंटला मिळायचा. आज पाच अंक उचलले की २० ते २५ डॉलर गेले. वाचायला एका अंकाला पंधरा मिनिटंही पुरतात. त्यामुळे दर आठवड्याला फॅन काउंटरसमोर उभा राहून हिशेब करतो. बॅटमॅन घेऊ, स्पायडरमॅन घेऊ, की त्या नव्या लेखकाची कुणालाच माहीत नसलेली सिरीज?

पण खरं सांगायचं तर काउंटरवर उभं राहून केलेल्या या निवडीला फार उशीर झालेला असतो.

न खपलेला अंक परत जात नाही

पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर मिळायची. जेवढे अंक उरतील तेवढे परत, पैसे फक्त विकलेल्यांचे. १९७० च्या दशकात फिल सूलिंग या ब्रुकलिनमधल्या शिक्षकाने प्रकाशकांसमोर वेगळा प्रस्ताव ठेवला. ते कॉमिक्सची कन्व्हेन्शन्स भरवायचे. त्यांचं म्हणणं होतं, आम्हाला जास्त सवलत द्या, उरलेले अंक आम्ही परत करणार नाही. प्रकाशकांना हे सोयीचंच होतं. यातूनच फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली आणि या पद्धतीला डायरेक्ट मार्केट म्हणू लागले.

म्हणजे जोखीम गेली दुकानदाराच्या गळ्यात. समजा, त्याला अंक निम्म्या किमतीत पडतो आणि त्याने १० प्रती मागवल्या. त्यातल्या ५ विकल्या तर टाकलेले पैसे जेमतेम निघाले. कमाई सहाव्या प्रतीपासून, आणि त्यातूनच दुकानाचं भाडं आणि नोकराचा पगार. उरलेल्या प्रती खोक्यात.

बरं, ही ऑर्डर त्याला बुधवारी द्यायची नसते. अंकांची यादी दोन-तीन महिने आधी येते आणि आकडा बदलण्याची शेवटची तारीख अंक येण्याच्या साधारण तीन-चार आठवडे आधी संपते. तोवर कुणी काहीच वाचलेलं नसतं. दुकानदार अंदाज लावतो. त्याच्या हातात खात्रीची एकच गोष्ट असते, ती म्हणजे पुल लिस्ट. नेहमीचे ग्राहक आधीच सांगून ठेवतात की अमुक सिरीजचा अंक माझ्यासाठी बाजूला काढ. पेपरवाल्याकडे रतीब लावतो, तसंच.

डायमंड कोसळली आणि हे सगळं उघड्यावर आलं

१४ जानेवारी २०२५ रोजी डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स या कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. (चाचा चौधरीवाल्या आपल्या डायमंड कॉमिक्सशी हिचा संबंध नाही.) स्टीव्ह गेपी यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून २०२० पर्यंत अमेरिकेतल्या दुकानांत येणारं जवळपास प्रत्येक नवं कॉमिक तिच्याच गोदामातून यायचं.

कोरोनात, मार्च ते मे २०२० या काळात, डायमंडने नवे अंक पाठवणंच थांबवलं. त्याच वर्षी डीसी बाहेर पडलं. २०२१ मध्ये मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेलं, २०२३ मध्ये इमेज लूनारकडे. मोठे गेल्यावर डायमंडकडे उरले ते मुख्यतः छोटे प्रकाशक, आणि सगळ्यात जास्त पोळले तेच. त्यांचे विकलेल्या मालाचे पैसे अडकले. शिवाय विकला जाईपर्यंत आपल्याच मालकीचा राहील या अटीवर गोदामात ठेवलेला मालही कर्ज फेडण्यासाठी विकू द्या, अशी मागणी २०२५ मध्ये कोर्टात झाली. प्रकाशकांनी त्याला विरोध केला. अशा वेळी दोन महिन्यांची थकबाकीही छोट्या प्रकाशकाला झोपवू शकते.

दुकानदारासाठी आता दोन-तीन वितरक, तितकीच बिलं, तितकाच वेगवेगळा वाहतूक खर्च. साहजिकच तो अनोळखी सिरीजच्या प्रती कमी मागवतो, किंवा मागवतच नाही.

मग फॅनने काय करायचं?

माझ्या मते हिशेब उलटा मांडायला हवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांचा ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ आला. यातल्या ब्रूस वेनकडे ना बंगला, ना पैसा. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. अशी सिरीज एकदा चालली की दुकानदार स्वतःहून जास्त प्रती ठेवतो. ती शेल्फवर मिळण्याची शक्यता चांगली असते, नाही मिळाली तरी पुढची आवृत्ती येते. छोट्या सिरीजचं तसं नाही. तुम्ही सांगितलं नाही, तर ती दुकानात आलेलीच नसते.

इमेजसारख्या ठिकाणी तर हे थेट लेखक-चित्रकाराच्या खिशापर्यंत पोचतं. तिथे सहसा पानामागे ठरलेलं मानधन नसतं. छपाईचा खर्च आणि कंपनीची ठरलेली फी वजा जाता जे उरेल ते निर्मात्यांचं. ऑर्डर कमी आल्या तर चित्रकाराने महिनाभर फुकट काम केलं असाही अर्थ होतो.

आणखी एक गोष्ट. ‘इतक्या लाख प्रती खपल्या’ अशा पोस्ट दिसल्या की जरा थांबा. तो आकडा बहुतेक वेळा दुकानांनी घेतलेल्या प्रतींचा असतो, वाचकांनी घेतलेल्या नाही. त्यात व्हेरियंट कव्हरचा खेळ. साध्या २५ प्रती मागवल्या तर खास मुखपृष्ठाची एक प्रत मिळणार, अशी अट असते. ती एक प्रत महागात विकता येते म्हणून दुकानदार गरजेपेक्षा जास्त प्रती घेतो. सिरीज पुन्हा ‘अंक १’ पासून सुरू करण्याचा मोहही त्यातलाच. २०२५ मध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ एप्रिलमध्ये आणि ‘बॅटमॅन’ सप्टेंबरमध्ये नव्याने एकपासून सुरू झाले. पहिला अंक दणक्यात जातो, मग दुसऱ्या-तिसऱ्याला ऑर्डर उतरतात. सिरीज टिकणार की नाही ते त्या उतरलेल्या आकड्यावर ठरतं. म्हणून फक्त पहिला अंक घेऊन ‘आवडला तर बघू’ म्हणणाऱ्या फॅनचा सिरीजला फारसा उपयोग होत नाही. पुढच्या अंकांची ऑर्डर बऱ्याचदा तोवर गेलेली असते.

पुण्या-मुंबईत बसून मार्व्हल अनलिमिटेडवर वाचणाऱ्यांना हे सगळं दूरचं वाटेल. तिथे नवा अंक छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी येतो. म्हणजे आपण पहिला अंक उघडतो, तेव्हा त्या सिरीजचे पुढचे अंक किती छापायचे हे अमेरिकेतल्या दुकानदारांनी ठरवून टाकलेलं असतं.