चूक त्यांचीच असते तेव्हा

कौंडण्यपूरला वर्धेच्या काठी आमची शेती. कापूस वेचणीला आला की अब्बा शुगरची गोळी विसरायचे. पाय सुजले तर "उन्हानं झालं असेल" म्हणायचे. डॉक्टरांनी मना करूनही रमजानचे रोजे धरायचे. आजाऱ्याला शरीअतने सवलत दिली आहे, हे आम्हा चौघा भावंडांना ठाऊक होते; पण जवळ बसून समजावले कोणीच नाही.

आता दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस, दर वेळी चार तास. सुरुवातीला आम्ही वाटेतच सुनवायचो, "तेव्हा ऐकलं असतं तर!" एकदा ते हळूच म्हणाले, "बेटा, तपासणीचे पैसे तुमच्या फीमध्ये जात होते." आम्ही गप्प झालो.

आई-वडिलांपुढे 'उफ्'सुद्धा करू नये, हे आपण मुलांना शिकवतो. चूक त्यांचीच असते, तेव्हाच त्या शिकवणीचा कस लागतो.

मधुमेह आणि रक्तदाब मूत्रपिंडे आतून पोखरतात. बराच काळ काहीच दुखत नाही. म्हणून असा आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आहे. कागदपत्रे तयार ठेवावीत.

आम्हीही तपासून घेतले. एकाची साखर वाढलेली निघाली. आता अब्बाच रोज विचारतात, "गोळी घेतली का?"

अल्लाह सर्वांच्या आई-वडिलांना शिफा देवो. आमीन.