साथीदारांची नावेही मोठ्या अक्षरांत हवीत

जॅझच्या चाहत्यांचा एक जुना खेळ आहे. क्रिकेटवेडे लोक सर्वकालीन अकरा जण निवडतात, तसा हे चाहते स्वप्नातला बँड जुळवतात. ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस, पियानोवर थेलोनियस मंक, सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, बेसवर चार्ल्स मिंगस. कागदावर असा बँड अजिंक्य दिसतो.

यातली पहिली दोन नावे खरोखर एकत्र आली होती. २४ डिसेंबर १९५४ रोजी न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालले असताना डेव्हिस यांनी मंकना सांगितले, की माझे एकल वादन सुरू असेल तेव्हा तुम्ही मागे वाजवू नका. मंक यांचे अवचित येणारे, टोकदार स्वर त्यांना अडचणीचे वाटत होते. तेच मंक १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात जॉन कोल्ट्रेनबरोबर कित्येक महिने वाजवत राहिले आणि कोल्ट्रेनना त्यांच्यात गुरू सापडला. वादक तोच होता, त्याची रीतही तीच होती. शेजारी कोण उभे आहे आणि किती रात्री उभे राहिले आहे, यावर सगळे ठरले.

मराठी रसिकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बालगंधर्वांच्या गाण्यामागे अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी होती. एवढे मोठे कलावंत एका रात्रीच्या बिदागीवर आलेले पाहुणे नव्हते, ते गंधर्व नाटक मंडळीत होते. गावोगावचे प्रयोग आणि मुक्काम यांतून गायकाचा श्वास साथीदारांना पाठ झाला. ‘संगत’ या शब्दाला आपल्याकडे वाद्याची साथ आणि माणसाचा सहवास असे दोन्ही अर्थ आहेत. चांगल्या जॅझ बँडचे मर्म नेमके या दोन अर्थांच्या भेटीत असते.

ते पाहायचे तर न्यूयॉर्क किंवा न्यू ऑर्लिन्सला जायची गरज नाही. लंडनच्या पश्चिमेला, बर्कशायरमध्ये ब्रॅकनेल नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने जी नवी नगरे वसवायला घेतली, त्यांत १९४९ मध्ये ब्रॅकनेलची निवड झाली. कचेऱ्या, आखीव वसाहती आणि वाहनांना गोल फिरवणारे चौक, असे हे गाव. आयटीच्या नोकरीनिमित्त त्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते बहुधा असेच माहीत असेल. गावाच्या दक्षिणेला साउथ हिल पार्क ही अठराव्या शतकातली हवेली आहे. १९७३ मध्ये तिथे कलाकेंद्र सुरू झाले आणि १९७५ पासून, साधारण दशकभर, दर उन्हाळ्यात तिच्या हिरवळीवर जॅझ महोत्सव भरला. त्याची धुरा जॉन कमिंग यांच्याकडे होती. पुढे लंडन जॅझ फेस्टिव्हल उभा करणाऱ्यांत हेच कमिंग होते.

या महोत्सवाने तयार नावे मंचावर आणलीच, पण नवे संगीतही लिहवून घेतले. १९७६ साली पियानोवादक स्टॅन ट्रेसी यांना अशीच एक रचना करायला सांगण्यात आली. ट्रेसी १९६० ते १९६७ या काळात लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबचे नेहमीचे पियानोवादक होते. सॉनी रॉलिन्स, स्टॅन गेट्झ, बेन वेबस्टर असे अमेरिकी पाहुणे यायचे आणि ट्रेसी त्यांना साथ करायचे. त्यानंतरची काही वर्षे मात्र इतकी ओढगस्तीची गेली, की त्यांनी पोस्टमन होण्याचा विचार केला होता. अशा माणसाला एका छोट्या गावाच्या महोत्सवाने काम दिले. त्यातून ‘द ब्रॅकनेल कनेक्शन’ ही अनेक भागांची मोठी रचना तयार झाली. तिची ध्वनिमुद्रिका ट्रेसी यांनी आपल्याच ‘स्टीम’ या कंपनीतर्फे काढली.

बँड आठ जणांचा होता. पियानोवर स्वतः ट्रेसी, ट्रम्पेटवर हॅरी बेकेट, ट्रॉम्बोनवर माल्कम ग्रिफिथ्स, आल्टो सॅक्सोफोनवर पीटर किंग, टेनर सॅक्सोफोनवर आर्ट थेमेन आणि डॉन वेलर, डबल बेसवर डेव्ह ग्रीन, ड्रम्सवर ब्रायन स्प्रिंग. अमेरिकेत यांतले एकही नाव तिकीटबारीवर गर्दी खेचणारे नव्हते. थेमेन तर व्यवसायाने अस्थिशल्यचिकित्सक होते. तरी हा बँड ऐकताना थक्क व्हायला होते, कारण त्यात एकाचे काम दुसऱ्याला करता येणार नाही. दोन टेनर आहेत, पण वेलर यांचा सूर रुंद आणि भरदार, तर थेमेन यांचा वळणे घेत, कोपरे शोधत जाणारा. किंग यांच्या आल्टोत चार्ली पार्करच्या परंपरेतली चपळाई आहे, बेकेट यांच्या ट्रम्पेटमध्ये हसरी ऊब. ट्रेसी या सगळ्यांच्या मागे गादी अंथरत नाहीत. ते मधूनच ठोसा देतात, प्रश्न विचारतात आणि एकल वादकाला ठरलेल्या वाटेवरून खाली उतरवतात. त्यांच्या पियानोत मंकही ऐकू येतात आणि ड्यूक एलिंग्टनही.

एलिंग्टन यांचे नाव इथे ओघाने आलेले नाही. ते वाद्यासाठी लिहीत नसत, माणसासाठी लिहीत. १९४० मध्ये त्यांनी ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्ससाठी ‘कॉन्चेर्टो फॉर कूटी’ रचले, तेही त्याच एका माणसाचे वेगवेगळे आवाज समोर ठेवून. बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवणारे हॅरी कार्नी १९२७ मध्ये त्यांच्याकडे आले आणि १९७४ मध्ये एलिंग्टन वारले तोवर तिथेच होते. त्याच वर्षी कार्नीही गेले. सत्तेचाळीस वर्षांच्या सहवासातून येणारा नाद रातोरात जमवता येत नाही.

ब्रॅकनेलच्या मंचावर १९८३ मध्ये अगदी वेगळ्या घडणीचा बँड आला. आल्टो सॅक्सोफोनवादक दुदू पुक्वाना वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेतून १९६४ मध्ये ‘ब्लू नोट्स’ या मिश्रवर्णी बँडबरोबर बाहेर पडले होते. ‘झिला’ हा त्यांचा बँड. त्यात गायिका पिनिस सॉल, गिटारवादक लकी रांकू, ड्रमवादक चर्चिल जोलोबे हे आफ्रिकी साथीदार होते आणि विशीतला इंग्रज तरुण जँगो बेट्स पियानोवर होता. ट्रम्पेटवर पुन्हा हॅरी बेकेट. मूळचे बार्बाडोसचे बेकेट १९५४ मध्ये इंग्लंडला आले. ट्रेसी यांच्या आखीव लिखाणात आणि झिलाच्या नाचऱ्या ठेक्यात ते सारखेच घरचे वाटतात, कारण दोन्हीकडे ते आधी ऐकतात आणि मग फुंकतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो. १५ मे १९५३ रोजी टोरँटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस आणि मॅक्स रोच हे पाच दिग्गज एका मंचावर आले होते. त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची जगज्जेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत होती, त्यामुळे सभागृह भरले नाही. पार्कर तर प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवत होते. तरीही मैफल इतिहासात जमा झाली. मग ताऱ्यांचा मेळावा जमतोच की! जमला, हे खरे. पण पार्कर, गिलेस्पी आणि रोच १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये एकत्र घडले होते, बिबॉप या जॅझशैलीची भाषा त्यांनी मिळून घडवली होती. ती रात्र आयत्या वेळी घडली असे वाटते, पण तिची तालीम दहा वर्षे आधीच सुरू झाली होती.

मुंबईतही अशी तालीम एके काळी रोज होत असे. गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे ‘चिक चॉकलेट’, ताजमहाल हॉटेलात ट्रम्पेट वाजवत. गोव्याचे कितीतरी वादक रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत काम करत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात चिक चॉकलेट यांचा हात होता, पडद्यावरही त्यांचा बँड दिसतो. सत्तर वर्षांनंतरही त्या गाण्यांतली झिंग ओसरलेली नाही. तीमागे चितळकरांची प्रतिभा आहे, तसे रोज खांद्याला खांदा लावून वाजवणारे हातही आहेत. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, तिला या जुन्या वादकांनी तयार केलेले कान मिळाले.

आज आपल्याकडच्या संगीत कार्यक्रमांच्या जाहिराती पाहाव्यात. दिवाळी पहाट असो, फ्यूजन असो, चार-पाच मोठे चेहरे ठसठशीत छापलेले असतात, आणि तबला, संवादिनी, कीबोर्ड वाजवणारे खालच्या ओळीत, काही वेळा तर फक्त ‘आणि सहकारी’ एवढ्यातच. तालमीला एखादी दुपार मिळते. मग मंचावर प्रत्येक जण आपले हुकमी तुकडे सादर करतो, टाळ्या पडतात, पण एकाच्या सुराने दुसऱ्याचा सूर बदललेला ऐकू येत नाही. हे वादकांचे अपयश नाही. त्यांना एकमेकांची सवय व्हायला कुणी वेळच दिलेला नसतो, आणि वेळ द्यायचा म्हणजे पैसे द्यायचे.

ब्रॅकनेलने जे केले ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम शहराला करता येईल. एका संगीतकाराला वर्षभर आधी रचना करायला सांगावे, साथीदार त्याला निवडू द्यावेत, तालमीच्या दिवसांचे मानधन द्यावे आणि सगळी नावे एकाच आकारात छापावीत. प्रायोजकाला एक मोठा चेहरा कमी मिळेल, पण नव्या रचनेवर त्या शहराचे नाव राहील. एका पियानोवादकाने आपल्या रचनेला ब्रॅकनेलचे नाव दिले, म्हणून पन्नास वर्षांनंतरही ती ध्वनिमुद्रिका लावणारा माणूस त्या गावाचे नाव घेतो, आणि त्या पाठोपाठ बेकेट, ग्रिफिथ्स, किंग, थेमेन, वेलर, ग्रीन, स्प्रिंग ही नावेही वाचतो.