कोशकाराची शिदोरी

देवपूजेस बसतांना नेसावयाचा मुकटा हा सर्व सोवळ्यांत श्रेष्ठ, असें आपण मानतों; पण तो मुकटा एके काळीं एका अळीच्या लाळग्रंथींतून निघालेला धागा होता, हें आपल्या क्वचितच ध्यानीं येतें. धाराशिव जिल्ह्यासारख्या पावसाचा भरंवसा नसलेल्या मुलखांत अलीकडे कित्येक शेतकऱ्यांनीं तुतीची लागवड करून या अळीशीं सोयरीक जोडली आहे. तेव्हां कोश बांधून झाल्यावर त्याच्या आंत काय चालतें, हें एकदां पाहूं या.

अळीचें पांखरूं होतें, एवढें सांगून शाळेंतील पुस्तक मोकळें होतें. जणूं अळीला पंख फुटले, कीं झालें! वेदान्त्यांचा कीटभृंगन्याय तर याहूनहि पुढें जातो. कुंभारीण माशीनें मातीच्या घरांत कोंडलेली अळी तिचें ध्यान करतां करतां स्वतःच माशी होते, असें तो सांगतो. दृष्टान्त म्हणून तो गोड आहे. परंतु वस्तुतः ती अळी माशीच्या पिलाचें अन्न होते. खरें रूपांतर पाहावयाचें तर तें रेशमाच्या कोशांतच पाहावें.

अंड्यांतून निघाल्यापासून सुमारें २५ ते २८ दिवस ही अळी खाण्यावांचून दुसरें कांहीं करीत नाहीं. चार वेळां कात टाकते, आणि तिचें वजन जवळजवळ दहा हजार पटींनीं वाढतें. एकंदर पाल्यापैकीं चार-पंचमांशाहून अधिक पाला शेवटच्या आठवड्यांतच संपतो. म्हणून त्या आठवड्यांत जो शेतकरी पाल्याला आंखडता हात घेतो, तो आपल्याच धाग्याला कात्री लावतो. खाल्लेल्यापैकीं कांहीं भाग रेशीमग्रंथींत जातो, कांहीं मेदांत.

आपल्या वैद्यकांत मेद हा सात धातूंपैकीं चौथा. कीटकांचा मेद मात्र निव्वळ चरबी नव्हे. त्वचेखालीं व आंतड्याभोंवतीं पांढरट फितींसारखे त्याचे पदर असतात. त्यांत चरबी असते, शर्करेचा सांठा असतो, प्रथिनें असतात. आणि आपल्या यकृताचीं बरींच कामेंहि तोच करतो. मोठ्या कुटुंबांतील कोठीची खोली म्हणा ना! कारण पुढें उपवास आहे. कोशांतील जीव कांहीं खात नाहीं, आणि बाहेर पडलेला रेशमाचा पतंगहि खात नाहीं. मीलन, चारपांचशें अंडीं आणि मरण, हें सारें त्याला अळीपणींच्या शिदोरीवर उरकावें लागतें.

ही कोठी उघडते ती एक्डायसोन नांवाच्या संप्रेरकाच्या आज्ञेनें. बूटेनांट व कार्लसन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं १९५४ मध्यें रेशमाचे ५०० किलो कोशित कीटक घेऊन त्यांतून अवघे २५ मिलिग्रॅम एक्डायसोन वेगळें केलें! त्याचा जोर वाढला, कीं मेदपेशी प्रथम आपल्याच पोटांतील द्रव्यें पचवूं लागतात; मग पेशीपेशींमधील बंध सुटतात, फिती विरतात, आणि सुट्या पेशी रक्तांत तरंगूं लागतात. हे बंध सोडतो कोण? नातोरी या जपानी शास्त्रज्ञाच्या मंडळींनीं १९९२ मध्यें मांसमाशीवर प्रयोग करून दाखविलें, कीं रक्तांतीलच पेशी एक प्रथिनपाचक द्रव्य सोडून हें काम करतात. फळमाशीमध्यें तर या सुट्या पेशी प्रौढावस्थेंतहि टिकतात, नवजात माशीला पहिला घांस मिळेपर्यंत पोसतात, आणि थोड्या दिवसांत मरून जातात. रेशीमग्रंथींचें आयुष्य त्याहून थोडें. धागा संपला, कीं त्यांचें विघटन सुरू होतें. मात्र कोशांत सगळ्याच शरीराचा रस होतो, ही समजूत खरी नव्हे. मज्जातंतु व हृदय यांचा मोठा भाग राहतो, आणि पंखांचे अंकुर तर अळीच्या अंगांत आधींपासूनच असतात.

हें मरण अपघाती नव्हे. पतंगाला कोशांतून बाहेर पडण्यास साह्य करणारे पोटाचे स्नायु काम होतांच विरून जातात, हें पाहून लॉकशिन व विल्यम्स यांनीं १९६४ च्या सुमारास ‘पूर्वनियोजित पेशीमृत्यु’ ही कल्पना मांडली. गर्भांत आपलीं बोटें सुटीं होतात तीं अशाच मरणानें. आणि जेथें पेशी मरावयास नकार देतात, तेथें कर्करोगाला वाव मिळतो.

आतां पुन्हां शेतकऱ्याकडे. अळ्या चंद्रिकेवर चढल्या, कीं दोनतीन दिवसांत कोश पुरा होतो; पण त्या वेळीं आंतील देह इतका मऊ असतो, कीं कोश तेव्हांच काढले तर तो फुटून रेशमाला डाग पडतो. म्हणून पांचव्यासहाव्या दिवसापर्यंत दम धरावा लागतो. उशीर करूनहि चालत नाहीं; दहाबारा दिवसांत पतंग कोश फोडून निघतो, आणि धागा तुटतो. तेवढ्या अवधींत माल जालन्याच्या किंवा कर्नाटकांतील रामनगरच्या बाजारीं पोंचला पाहिजे. तेथून पुढें उष्णता देऊन आंतील जीव मारतात. अखंड धाग्याचा मुकटा हवा, तर याला दुसरी वाट नाहीं. पतंगाला जाऊं देऊन उरलेल्या तुटक धाग्याचें सूत कांतूनहि वस्त्र विणतां येतें. तें जाडेंभरडें होतें व महाग पडतें. सोवळें शुद्ध कशानें होतें, हा प्रश्न घरोघरच्या सुनांनीं विचारला, तर वडील मंडळींनीं रागावूं नये. माझें मत त्या जाड्याभरड्या वस्त्राकडे झुकतें.

मेलेल्या कीटकांना वाळविल्यावर त्यांच्या वजनाचा सुमारें तिसरा हिस्सा तेल असतें. पंखांसाठीं राखलेली ती शिदोरी मग कोंबड्यांच्या व माशांच्या खाद्यांत जाते.