मऊ फोम आणि घरचं विमान

घरी विमान बांधणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात इंजिनाचा, दुसरा खर्चाचा आणि तिसरा, "घरचे काय म्हणतात?" बसायची गादी कसली घेतली, हे कुणीच विचारत नाही. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न पहिल्या पाचात हवा.

विषय डोक्यात शिरला तो पुतण्यामुळे. तो टेक्सासात असतो आणि गॅरेजमध्ये दोन आसनांचं विमान बांधतोय. घरातल्यांना माहीतच आहे, दिवाळीत त्याने फोटो पाठवले होते. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "काका, सीटचा फोम मिळाला, एकदम मस्त! बसलं की माणूस चार इंच आत जातो." मला ते तेव्हाच खटकलं. विमानातलं या जुन्या जालन्यातल्या बी.ए. मास्तरला काय कळणार, असं त्याला वाटलं असेल. पण फोमबद्दल वाचायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. महिनाभर तेच वाचत बसलो, आणि आता माझं मत पक्कं आहे. चार इंच आत जाणारा फोम विमानात नको.

आपल्याकडे घरच्या विमानाचं नाव निघालं की अमोल यादव आठवतात. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान उभं केलं, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया सप्ताहात मांडलं, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारी नोंदणी झाली. त्या काळात मी कात्रणं काढून ठेवत असे. इंजिन, परवानगी, गच्चीवरून क्रेनने उतरवणं, सगळं त्यात आहे. आसनाबद्दल एक ओळ नाही. बातमीदारांचा दोष नाही म्हणा, आपल्यालाही तेच वाचायचं असतं.

आता गंमत बघा. अमेरिकेत जे विमान कारखान्यात बनून विकलं जातं, त्याच्या आसनाला कसोट्या आहेत. लहान विमानांसाठी १९८८ साली असा नियम आला, की आसनात माणसाच्या वजनाचा पुतळा बसवायचा, पट्टे बांधायचे आणि सगळं जोरात आपटायचं. पुढच्या आसनांना १९ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या एकोणीस पटीचा दणका. तेवढ्यात पुतळ्याच्या कमरेच्या मणक्यांवर १५०० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ६८० किलोपेक्षा जास्त भार येता कामा नये. घरी बांधलेल्या विमानाला मात्र ही कसोटी लागू नाही. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं, की ते 'प्रायोगिक' म्हणून नोंदतात. म्हणजे फोम कुठला घ्यायचा ते बांधणाऱ्याच्या मर्जीवर. अशा वेळी माणूस दुकानात जातो, अंगठ्याने दाबून बघतो, आणि जो जास्त दबतो तो घेऊन येतो.

मऊ असेल तर दणका कमी बसेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलटं होतं. ज्यांनी विहिरीचं पाणी शेंदलंय त्यांना लगेच कळेल. दोर ताणलेला ठेवून पोहरा सोडला तर हाताला हिसका बसत नाही. दोराला ढील ठेवून पोहरा टाका, मग बघा तो संपताना हात कसा ओढला जातो. मऊ फोम म्हणजे तो ढिला दोर. विमान जमिनीवर आदळलं की खालचा पत्रा थांबतो, पण वरचा माणूस थांबत नाही, तो फोम चेपत खाली जातच राहतो. चार इंच संपले की त्याचा पार्श्वभाग त्या थांबलेल्या पत्र्यावर आपटतो, आणि आसनाला बसला त्याहून मोठा दणका मणक्याला बसतो. शिवाय माणूस खाली गेला की कमरेचा पट्टा तेवढाच सैल होतो, ते वेगळंच.

ग्लायडरवाल्यांना हे आधी उमगलं, कारण त्यांच्या बुडाखाली जमीन फारच जवळ असते. ब्रिटनमधले डॉ. टोनी सेगल हे स्वतः ग्लायडर उडवणारे डॉक्टर. अपघातात पाठीचा कणा मोडतो तो कसा वाचवायचा, यावर त्यांनी पुतळे आपटून प्रयोग केले आणि दणका शोषणाऱ्या फोमचा आग्रह धरला. हा फोम हळू दाबला तर मऊ लागतो आणि एकदम आदळलं तर कडक होतो. त्याचा उगमही विमानाच्या आसनातच आहे. १९६६ साली नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी तो तयार केला. आज तोच 'मेमरी फोम' म्हणून गाद्यांच्या दुकानात मिळतो आणि जाहिरातीत त्यावर लोक झोपलेले दिसतात. पण पलंगासाठीचा आणि आसनासाठीचा एकच समजू नये.

पुतण्याचं म्हणणं होतं, "काका, तीन तास बसायचं असतं, आराम नको का?" हवा ना! आखडलेल्या पाठीचा माणूस विमान काय नीट उतरवणार? पण आराम आणि मऊपणा एक नव्हेत. मऊ गादीवर पहिली दहा मिनिटं सुख. तासाभरात फोम पूर्ण दबतो आणि बसायची दोन हाडं सरळ पत्र्याला टेकतात. आपल्या पिंजाऱ्याने भरलेली गच्च रुईची गादी आठवा. हाताला टणक, पण रात्रभर पाठ धरत नसे. (आता पिंजारी शोधावा लागतो, तो विषय वेगळा.) जाणकार थर देतात. खाली दणका शोषणारा कडक फोम, मध्ये मध्यम, वर अर्धा-एक इंच मऊ. कॉन्फर नावाच्या फोमला तर रंगच आहेत, हिरवा कडक, निळा मध्यम, गुलाबी मऊ.

आपल्याकडे दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, ४० म्हणजे कडक. तसं नाही. तो आकडा एका घनमीटरच्या वजनाचा, किलोत. फोम किती टिकेल याचा त्यावरून अंदाज येतो. कडकपणा वेगळा मोजतात. चार इंच जाड तुकड्यात ५० चौरस इंचांची गोल चकती रुतवायची आणि जाडीच्या पाव हिश्शापर्यंत जायला किती जोर लागला ते बघायचं. वजनदार फोम मऊ असू शकतो, हलका कडक असू शकतो. टेक्सासातल्या दुकानातही हाच घोळ चालतो, असं पुतण्या सांगतो.

मेमरी फोममध्येही एक मेख आहे. थंडीत तो कडक होतो, उन्हात ढिला पडतो. काचेच्या छताखाली उभं असलेलं विमान मे महिन्यात आतून किती तापत असेल, ते जालनेकरांना सांगायला नको. निवड करताना हिवाळ्यातल्या दुकानात दाबून बघणं म्हणूनच बिनकामाचं.

आणि आग. साधा पॉलियुरेथेन फोम भराभर जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. जून १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या विमानाला उडत्या स्थितीत आग लागली. ते सिनसिनाटीला उतरलं खरं, पण ४६ जणांपैकी २३ जण वाचले नाहीत. पुढच्याच वर्षी प्रवासी विमानांच्या आसनांत फोमवर आग अडवणारा थर सक्तीचा झाला. हौशी माणसाला इथेही सक्ती नाही, पण तुकडा तपासायला काय हरकत आहे? साधी कसोटी अशी, की उभ्या तुकड्याला खालून १२ सेकंद ज्योत लावायची. काढल्यावर ती १५ सेकंदांत विझावी आणि ८ इंचांपेक्षा जास्त भाग जळू नये. हे अंगणात करावं, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून, पाण्याची बादली जवळ ठेवून. फोम, चिकटवायचं द्रव्य आणि कापड, तिन्ही एकत्र लावून. सुटा फोम पास होतो आणि चिकटवलेला भडकतो, असंही होऊ शकतं.

पुतण्याने तो चार इंची फोम बाजूला ठेवलाय. परत घेत नाहीत म्हणे, तर कुत्र्याला दिला, कुत्रा खूष आहे. आता वाद कव्हरवर अडलाय. मी लोकरीच्या कापडाच्या बाजूने, लोकर सहज पेटत नाही म्हणून. सूनबाईंना चामडं हवंय. चामडंही लवकर पेट घेत नाही, हे मला मान्य. पण टेक्सासाच्या जुलैत दुपारी दोन वाजता, अर्ध्या चड्डीवर, तिने एकदा त्यावर बसून दाखवावं.